ट्रॉलीवरची खुर्ची

टीव्हीवर फुटबॉलची मॅच लागली की घरातले सगळे चेंडूकडे बघतात आणि मी मॅच संपायची वाट बघत बसतो. मॅचनंतर स्टुडिओत तीन-चार जण टेबलाभोवती बसतात ना, मला त्यांना बघायचं असतं. एकेकाळी हे सगळे मैदान गाजवलेले लोक. आता अंगात कोट, कानशिलावर पिकलेले केस, पोट थोडं सुटलेलं. बोलतात मोठ्या झोकात. माझी नजर मात्र टेबलाखाली जाते, आणि टेबल काचेचं असलं तर माझी चंगळच. कुणीतरी सोपा गोल घालवलेला असतो, तो प्रसंग पडद्यावर पुन्हा दाखवतात, आणि त्या चौघांपैकी एकाचा तरी बूट जागच्या जागी हलतो. तोंड इंग्रजीत बोलत असतं, चेहरा शांत असतो, आणि पाय खालच्या खाली तो गोल करून मोकळा झालेला असतो. बायको म्हणते, "लोकायच्या पायाकडं काय पाहून राहिले जी तुम्ही?" तिला काय सांगणार. लग्नांचं शूटिंग करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर नको तिथेच जायची.

यंदाही पूस, म्हणजे पौष महिना, लागला आणि हवा दरवर्षीसारखी झाली. गोंदियात उतरलं की राईस मिलांच्या अंगाने उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा तो ओलसर वास नाकात शिरतो. आमच्या सालेकशाकडे येताना गाडीच्या खिडकीतून भाताच्या रिकाम्या बांध्या दिसतात. धान निघून गेलेलं, नुसती खुंटं उभी, आणि कुठे कुठे धानाचे पुंजणे, कापून रचलेल्या गंज्या, अजून मळायचे राहिलेले. सकाळी धुकं इतकं असतं की मालगाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. हाताला काम नाही, घरात नवा तांदूळ आहे, अशा या दिवसांत आमच्या भागातले तरुण लोक दोनच गोष्टी करतात. लग्न ठरवतात किंवा फुटबॉल खेळतात. माझा धंदा दोन्हींवर चालला.

गेल्या आठवड्यात गावातल्या प्रशांतचा फोन आला. "दिलीपभाऊ, स्टँड हाये ना तुमच्यापाशी? टुर्नामेंट मोबाइलवर लाइव्ह करून राहिलो." स्टँड आहे म्हटलं. फोन ठेवला आणि माझा हात आपोआप उजव्या नडगीकडे गेला. तिथे आता काहीच नाही. पण एका हिवाळ्यात तिथे हिरवानिळा डाग पडला होता, आणि तो डाग देणाऱ्या माणसाची आठवण आल्याशिवाय माझा एकही पूस जात नाही.

त्या माणसाचं नाव हिरामणभाऊ गजभिये, प्रशांतचे वडील. दोन हजार सहा साली ते पन्नाशीच्या आसपास असतील. रेल्वेत नोकरीला होते. तरुणपणी रेल्वेच्याच टीममध्ये स्टॉपर. स्टॉपर म्हणजे बचावाच्या मधोमध, गोलकीच्या अगदी पुढ्यात उभा राहणारा गडी. गोलकीपरला आमच्याकडे गोलकीच म्हणतात. भाऊंचा गुडघा गेला आणि खेळ सुटला, तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून त्यांनी मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं. ड्यूटीवरून घरी येताना शाळेच्या मैदानाचा सरळ रस्ता सोडून नाल्याच्या बाजूने लांबून यायचे. लोकांना वाटायचं, घमेंड आहे. घमेंड नव्हती. दोरीच्या बाहेर उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघणं त्यांना जमतच नव्हतं.

त्या वर्षी फुटबॉलचा विश्वचषक आला. स्टेशनच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता आणि त्यात रंगीत टीव्ही. मॅच संध्याकाळी लागायच्या. रोवणीचे दिवस होते, चिखलाचे पाय धुऊन लोक यायचे आणि मागच्या पडद्यासमोर बसायचे. पडद्यावर ताजमहाल रंगवलेला होता. हिरामणभाऊ आले ते पासपोर्ट फोटो काढायला, आणि फोटो झाल्यावर उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. इंग्रजी कुणालाच फारसं कळत नव्हतं, म्हणून आवाज आम्ही बारीक ठेवायचो. मॅच संपली की लोक उठून जायचे. भाऊ मात्र स्टुडिओतली ती कोटवाली मंडळी बघत बसायचे.

एकदा म्हणाले, "हा गोलकी होता."

"तुमाले कसं मालूम?"

"हात पाह्य त्याचे. बोलता बोलता घडीघडी छातीपाशी आनते. बॉल पोटात घ्याची सवय हाये ते."

"अन् हा?"

"हा फॉरवर्ड. दुसरा बोलून राहिला तं याले दम निंगत नाही."

"अन् तो कोपऱ्यातला?"

भाऊ हसले. "तो माह्या जागचा. सबन लोकायचं बोलून झाल्यावर बोलते."

कधी कधी त्या माणसाच्या नावाखाली तो कुठे खेळायचा ते लिहून यायचं, आणि भाऊंचं बहुतेक बरोबर निघायचं. एकदा सपशेल आपटले. ज्याला त्यांनी मोठ्या खात्रीने गोलकी ठरवलं, तो नुसता निवेदक निघाला, जन्मात कधी चेंडूला पाय न लावलेला. भाऊ स्वतःच इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "मंग हात कायले हालवून राहिला गा तो?"

त्या मंडळींबद्दल मला त्याआधी काही विशेष वाटत नव्हतं. खेळून पैसा कमावला, आता बोलून कमावतात, असंच वाटायचं. भाऊंच्या शेजारी बसून बघायला लागलो आणि त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली. आपली जागा, जिच्यासाठी हाडं मोडून घेतली, त्या जागेवर आज दुसरा पोरगा उभा आहे. तो आपल्यापेक्षा वेगाने धावतो. आणि आपण खुर्चीत बसून, जीभ न चावता, त्याचं चांगलं ते चांगलं आणि वाईट ते वाईट म्हणायचं. हे सोपं नाही. आमच्याकडे गावचा माजी सरपंच नव्या सरपंचाबद्दल एक धड वाक्य बोलू शकत नाही. टीव्हीवर काही जण मळमळ ओकतातच, आमच्या काळी असं नव्हतं वगैरे. पण बरेच जण मनापासून वाहवा करतात, आणि तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. आपल्याला कधी न जमलेला फटका विशीतल्या पोराने मारला की त्यांच्या तोंडावर जो आनंद येतो, तो अगदी खरा असतो. शूटिंगवाला आहे, खोटं हसू मी लांबून ओळखतो.

विश्वचषक संपला त्या दिवशी भाऊ जाता जाता दारात थांबले. म्हणाले, "दिलीप, याहीले खेळनं बंद झाल्यावर बी मैदानात बसू देतेत. खुर्ची देतेत." मग थोडं थांबून, चप्पल घालता घालता, खाली मान घालूनच म्हणाले, "आपल्या टुर्नामेंटमंधी अशी एक खुर्ची ठेवता येईन का गा?"

पन्नाशीचा माणूस, ज्याने कधी कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही, तो माझ्याकडे एक खुर्ची मागत होता. बघतो म्हटलं.

आमच्याकडे केबल चालवायचे गुड्डूभैया. ते मूळचे गोंदियाचे, बोलणं सगळं हिंदीत. त्यांचं एक लोकल चॅनल होतं, त्यावर दिवसभर जुनी गाणी आणि दुकानांच्या जाहिराती. हिवाळ्यातल्या टुर्नामेंटची फायनल ते माझ्याकडून शूट करून घेऊन रात्री दाखवायचे. मी म्हटलं, या वेळी सगळ्याच मॅच मैदानातून सरळ दाखवू, वायर ओढू, आणि सांगायला हिरामणभाऊंना बसवू. गुड्डूभैयांनी डोकं खाजवलं. "अरे भैया, वो तो देहाती में बोलेंगे. पब्लिक को जोश चाहिए, शेरो-शायरी चाहिए." मी म्हटलं, पब्लिक पण देहातीच आहे. ते हसले आणि तयार झाले.

मग मोहाच्या झाडावरून, शाळेच्या छपरावरून वायर गेली. मैदानाच्या मध्यरेषेवर ट्रॅक्टरची ट्रॉली लावली. ट्रॉलीत माझा कॅमेरा स्टँडवर, शेजारी एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची, आणि लग्नात सूत्रसंचालकाला देतात तसला माइक. माइकचा आवाज केबलवर जायचा आणि मैदानातल्या भोंग्यावरही. पहिल्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले. त्यांना त्या मैदानाच्या रस्त्याने सरळ चालत येताना बघून चहावाल्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

तो हिवाळा माझ्या अंगात अजून आहे. सकाळी ट्रॉलीच्या लोखंडावर हात ठेवला की चटका बसावा तसं गार लागायचं. खेळणाऱ्यांच्या तोंडातून वाफ निघायची. फक्कीने आखलेल्या रेषा दव पडून पुसट व्हायच्या आणि पुन्हा आखाव्या लागायच्या. बाया डोक्यावरचं ओझं बांधावर उतरवून दोन घटका बघत उभ्या राहायच्या. मध्येच मालगाडी गेली की भाऊ बोलायचे थांबत, सगळे डबे जाऊ देत आणि मग जिथे वाक्य सोडलं होतं तिथून उचलत. रेल्वेचा माणूस, गाडीच्या मध्ये बोलत नसे.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी धारेवर धरलं. लग्नात मी शिकलो होतो ते एकच, की जिथे गर्दी तिथे कॅमेरा आणि जो रडतो त्याचा चेहरा मोठा. मैदानातही तेच करत होतो. चेंडूच्या मागे धावायचो, आणि गोल झाला की गोल करणाऱ्याचं तोंड फ्रेमभर. भाऊ माइकवर हात ठेवून म्हणाले, "नवरदेव पाहू नोको गा. मांडव पाह्य. बॉल सबनच पाहून राहिले. तू मोठं दाखव, कोन कुठी उभा हाये ते. जागा दिसली पाहिजे."

तसं मोठं धरलं तर माणसं मुंगीएवढी दिसायची आणि मला वाटायचं, लोक टीव्ही बंद करतील. पण भाऊ त्या मुंग्यांना नावं द्यायचे. "पाहा, लेफ्टवाला उगाच पळून नाही राहिला. तो बॅकले आपल्यासंगं नेऊन राहिला, म्हणजे मधात जागा होईन." आणि खरंच दोन क्षणांनी तिथे जागा व्हायची, त्या जागेत कुणी धावत यायचा, आणि घराघरात बसलेल्या लोकांना आधीच ठाऊक असायचं. शेरो-शायरी नाही, आरडाओरडा नाही. रोज येणाऱ्या गाडीची वेळ सांगावी तसा आवाज. आणि आमच्या काळी हे दोन शब्द पूर्ण मोसमात एकदाही नाहीत.

नडगीची गोष्ट त्याच दिवसांतली. खुर्ची माझ्या उजव्या पायाला अगदी लागून होती. कुठे धोका दिसला की भाऊंचा पाय पुढे यायचा आणि माझ्या नडगीवर बसायचा. त्यांना याची काही शुद्ध नसायची. तोंड शांतपणे सांगतंय आणि खाली पाय चेंडू अडवतोय. आठवडाभरात माझ्या लक्षात एक गंमत आली. लाथ आधी बसायची आणि धोका नंतर यायचा. चेंडू अजून पलीकडच्या टोकाला असायचा, मैदानात कुणालाच काही वाटत नसायचं, आणि मला लाथ बसायची. मग मी बिनबोभाट फ्रेम मोठी करायचो. बायको रात्री हळद लावायची आणि म्हणायची, "तुमी खेळत नाही, मंग लागते कसं?"

आणि 'मांग', म्हणजे मागे. त्या वर्षी आमच्या मैदानावर हा एक रिवाजच पडला. टीव्हीवर गोल लगेच पुन्हा दाखवतात, तसं आमच्याकडे यंत्र नव्हतं. होती ती कॅमेऱ्यातली कॅसेट. मग मध्यंतरात मी ती कॅसेट मागे फिरवायचो आणि त्याच वायरवरून चालवायचो. भाऊ सांगायचे, "मांग ने. अजून मांग. हां, ठेव." मोहाखाली टेबलावर एक टीव्ही मांडला होता. मध्यंतर झालं की लोक चहा सोडून तिथे जमायचे. खेळाडूही यायचे, टॉवेल खांद्यावर टाकून. आपली चूक आपल्याच डोळ्यांनी बघायची लोकांना आधी लाज वाटली, मग चटक लागली. कचारगडच्या गोंडी यात्रेला लवकर आलेले, पिवळे दुपट्टे घेतलेले पाहुणेही गाडी यायला वेळ असला की तिथे उभे असत. मांगची मॅच खऱ्या मॅचपेक्षा चांगली, असं लोक म्हणायला लागले.

फायनल सालेकसा आणि आमगावकडची टीम यांच्यात लागली. आमच्या टीमचा गोलकी होता सुखदेव उईके, राईस मिलमध्ये पोती वाहणारा, अबोल माणूस. आणि त्याच्या पुढ्यात स्टॉपर म्हणून प्रशांत, हिरामणभाऊंचा मुलगा. विशीतला, उंच, देखणा, अख्ख्या गावाचा लाडका. सुखदेवचं सासर आमगावकडचं. त्याचे दोन मेहुणे समोरच्या टीममध्ये खेळत होते. सकाळपासून थट्टा चाललेली. "सुखदेव, आज मेहुण्यायले आहेर काय देतेस गा?" सुखदेव हसून मान खाली घालायचा. त्याची बायको ललिता बायांमध्ये बसली होती, तिलाही सोडत नव्हते. माहेर का सासर, कोणाकडून, असं. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

पहिला अर्धा संपत आला होता. प्रशांतने चेंडू अडवला, आणि सहकाऱ्याला न देता स्वतःच घेऊन निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. मैदान उसळलं. बांधावरचे लोक उभे राहिले. मलाही मोह झाला, पोराचा चेहरा मोठा करावा, असा चेहरा लग्नातसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात माझ्या नडगीवर लाथ बसली. अशी जोरात कधी बसली नव्हती. कळ मस्तकात गेली आणि हाताने सवयीने फ्रेम मोठी केली. माइक भाऊंच्या तोंडाशी होता, पण भोंगा गप्प होता.

प्रशांतचा चेंडू सुटला. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मग सावकाश परत फिरला. तिकडून लांब फटका आला, सुखदेवचा थोरला मेहुणा एकटाच धावत सुटला, सुखदेव गोल सोडून पुढे आला, पडला, आणि चेंडू त्याच्या अंगावरून आत गेला. सुखदेव मातीत पालथा. हे दृश्यच असं होतं की कुणालाही वाटावं, याने अंग चोरलं.

"देल्ला गा आहेर," कुणीतरी म्हणालं. लोक हसले. पुन्हा कुणीतरी म्हणालं, या वेळी लोक हसले नाहीत. मग आवाज वाढत गेला. सकाळची थट्टा होती तीच वाक्यं, पण आता त्यांत दात होते. सासऱ्याचा मानूस. त्याले कायले उभा केला. बायांमध्ये ललितेच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी झाली होती. ती तोंडावरचा पदर काढत नव्हती, आणि आता ती हसत नव्हती हे ट्रॉलीवरून दिसत होतं. मध्यंतराची शिट्टी झाली तरी सुखदेव मोहाकडे आला नाही. गोलच्या बांबूला टेकून तिथेच बसला. आमच्या गावात असं एकदा चिकटलं की सात जन्म सुटत नाही. त्याची मुलं शाळेत गेली असती तर तिथेही त्यांच्या मागे हेच लागलं असतं.

मी कॅसेट मागे फिरवत होतो आणि कॅमेऱ्याच्या छोट्या भिंगातून मला सगळं दिसत होतं. मांडव दिसत होता. भाऊंनी शिकवल्यासारखी मोठी फ्रेम, आणि तिच्या मधोमध, सुखदेवच्या पुढ्यात, एका माणसाची जागा रिकामी. इतकी रिकामी की चार बैलबंड्या उभ्या राहाव्यात. मी चेहरा धरला असता तर यातलं काहीच आलं नसतं. मी माइकवर हात ठेवला.

"भाऊ, टेप गुतली म्हनून सांगू का?"

"काऊन?"

मी मैदानाकडे बघितलं. प्रशांत पाण्याची बाटली डोक्यावर ओतत होता आणि पोरं त्याची पाठ थोपटत होती. भाऊंनीही तिकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या हाताखालून माइक काढून घेतला.

"मंग खुर्ची कायले मांगतली होती म्या?" म्हणाले. "मांग ने."

मी मागे नेलं.

भोंग्यावर त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा. "गोलकीले पाहू नोका. त्याच्या समोरची जागा पाहा. येथी कोन पाहिजे? स्टॉपर. स्टॉपर कुठी हाये? वरतं. बॉल गेला तरी अजून वरतंच हाये. एवढी जागा खाली असन तं गोलकीनं पुढं यावंच लागते. सुखदेव पुढं आला ते बरोबर केलन. हा गोल गोलकीचा नाही. स्टॉपरचा हाये."

एवढ्यावर थांबता आलं असतं. स्टॉपर कोण हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पण मोसमभर त्यांचा शिरस्ता होता, चूक असो की कौतुक, खेळाडूचं यादीतलं पूर्ण नाव घ्यायचं. ते म्हणाले, "स्टॉपर, प्रशांत हिरामण गजभिये."

मधलं नावही गाळलं नाही.

मोहाखालच्या टीव्हीवर मुंगीएवढा सुखदेव पुन्हा पडला, आणि या वेळी लोकांनी त्याच्या पुढची ती जागा पाहिली. चहावाला म्हणाला, "अजून एकडाव दाखव गा." मी पुन्हा दाखवलं. मग एक म्हातारी उठली, ललितेच्या शेजारच्या मोकळ्या जागेत जाऊन बसली आणि तिच्याकडे खायचं पान मागितलं. ललितेने बटव्यातून पान काढून दिलं.

फायनल आम्ही त्याच एका गोलने हरलो. दुसऱ्या अर्ध्यात सुखदेवने असे दोन चेंडू अडवले की आमगावचे लोकही टाळ्या वाजवत होते, आणि प्रशांत आपल्या जागेवरून हलला नाही. भाऊंनी दोघांचंही पूर्ण नाव घेऊन कौतुक केलं. शिट्टी झाल्यावर प्रशांतने ट्रॉलीकडे न बघता सायकल काढली आणि गेला.

दोन दिवसांनी माइक आणायला मी त्यांच्या घरी गेलो. बाबासाहेबांच्या फोटोखाली भाऊ पेपर वाचत बसले होते. सुशीलावहिनींनी चहा असा आदळला की अर्धा बशीतच आला. मला म्हणाल्या, "तुमीच सांगा जी, हा मानूस बाप हाये का पंच हाये? पोट्टा दोन दिस झाले जेवून नाही राहिला." भाऊंनी पेपर खाली केला. म्हणाले, "घरी बापच हावो. तेथी खुर्चीवर होतो." आणि पुन्हा पेपर वर धरला. पण पान उलटत नव्हतं आणि ते एकही ओळ वाचत नव्हते, हे मला आणि वहिनींना दोघांनाही दिसत होतं.

मला तेव्हा त्यांचा जितका अभिमान वाटला, तितकीच धास्तीही वाटली. एवढं सरळ राहायला माणसाला किती किंमत मोजावी लागते. आता टीव्हीवरच्या स्टुडिओत कुणी जुना खेळाडू आपल्याच जुन्या दोस्ताची चूक सांगताना एक क्षण अडखळतो आणि मग सांगून टाकतो, तेव्हा लोकांना त्यात मॅचचं विश्लेषण दिसतं. मला तो वर धरलेला पेपर दिसतो.

सुखदेव पुढे कितीतरी वर्षं आमचा गोलकी होता, आणि त्याच्या पुढ्यात प्रशांत. भाऊंची खुर्चीही पाच-सात हिवाळे टिकली. मग केबलला सेट-टॉपचे डबे आले, लोकल चॅनल गेलं, गुड्डूभैया गोंदियाला परतले. कॅसेटचा कॅमेरा मी कपाटावर टाकला. बापलेकांत पुढे बोलणं झालं का, कधी झालं, मी कधी विचारलं नाही. एका घरात राहतात, एका ताटलीतला मुरमुरा खातात, एवढं बघितलं होतं.

परवा मात्र ट्रॉली लावताना मीच विषय काढला. प्रशांतचा गुडघाही आता गेलाय. बापासारखाच, उजवा. मोबाइल स्टँडवर घट्ट करता करता तो म्हणाला, "लोकायले वाटे, बाबानं भोंग्यावर नाव घेतलं म्हनून मले राग आला. तसं नोतं, दिलीपभाऊ. तुमी कॅसेट मांग नेली ना, तवा म्या बी पाह्यली. तुमची फ्रेम गोलच्या किती आधी मोठी झाली होती. बाबाले येथी खुर्चीत बसून आधीच दिसलं, अन् मी मैदानात उभा राहून मले नाही दिसलं. मले तो राग आला होता."

मी लाल खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

ट्रॉलीच्या अगदी पुढे, खाली जमिनीवर खुर्ची टाकून हिरामणभाऊ बसले होते. मफलर, काठी, मांडीवर घोंगडी. आता ते मैदानात नुसते प्रेक्षक म्हणून येतात, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही असं दिसलं. प्रशांतने माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि दोन्ही टीमच्या पोरांची नावं वाचली, मधल्या नावासकट. धुकं वर चढत होतं. मालगाडी आली, तो थांबला, सगळे डबे जाऊ दिले आणि मग पुढे बोलायला लागला.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. आमचीच टीम चढाईवर होती. चेंडू पार त्या टोकाला, झेंड्यापाशी, लोक टाळ्या वाजवत उभे राहिलेले. आणि माझ्या नडगीवर लाथ बसली.

मी खाली बघितलं. पुढच्या खुर्चीत घोंगडीखाली हिरामणभाऊंचा उजवा पायही पुढे आला होता. शेजारी प्रशांत शांतपणे सांगतच होता, त्याला कशाचीच शुद्ध नव्हती.

चेंडू अजून त्या टोकालाच होता. मी नडगी चोळली आणि फ्रेम मोठी केली.